दोघांचं काम, एकाचा पगार : जॅक लंडनची गोष्ट

तुम्ही कुठेही नोकरी करत असाल, तर पुढचं गणित तुम्हाला नवं वाटणार नाही.

एका वीजघरात दोन माणसं कोळसा ओढायच्या कामावर होती. एक दिवसपाळीला, दुसरा रात्रपाळीला. दोघांनाही महिन्याला ४० डॉलर. म्हणजे मालकाचा खर्च ८० डॉलर. एक दिवस अठरा वर्षांचा एक पोरगा नोकरी मागायला आला. अंगाने दणकट, कामाला वाघ, वर शिकायची हौस. साहेबांनी काय केलं? त्या दोघांना घरी पाठवलं, पोराला ३० डॉलरवर ठेवलं आणि दोन्ही पाळ्यांचा कोळसा त्याच्या एकट्याच्या गळ्यात मारला. महिन्याकाठी ५० डॉलरची बचत.

पोराला यातलं काहीच माहीत नव्हतं. आपण इथं इलेक्ट्रिशियन व्हायला आलोय, आधी खालून सुरुवात करायची असते, अशी त्याची समजूत करून दिलेली.

ही गोष्ट १८९४ च्या सुमाराची, अमेरिकेतल्या ओकलंड शहरातली. त्या पोराचं नाव जॅक लंडन.

होय, तोच. 'द कॉल ऑफ द वाइल्ड' लिहिणारा. या पुस्तकावरचा हॅरिसन फोर्डचा सिनेमा २०२० मध्ये आला होता, तो तुमच्यापैकी कित्येकांनी बघितला असेल. बर्फ, कुत्रे, लांडगे, सोन्याच्या खाणी ही त्याची ओळख. पण लेखक होण्याआधीची त्याची जवळपास सगळी वर्षं एकाच प्रश्नात गेली, पोट भरेल असं काम कुठे मिळेल? आणि लेखक झाल्यावरची वर्षं दुसऱ्या प्रश्नात, आता पैसा मिळाला तर मी अजून कामगारांचा माणूस आहे की नाही?

सुरुवातीपासून बघू.

जॅकचा जन्म सॅन फ्रान्सिस्कोत १२ जानेवारी १८७६ रोजी झाला. आई फ्लोरा वेलमन. वडील कोण, हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. फ्लोरा तेव्हा विल्यम चेनी नावाच्या ज्योतिषासोबत राहत होती, पण तो जबाबदारी झटकून निघून गेला. पुढे एकविसाव्या वर्षी जॅकने त्याला पत्र लिहून सरळ विचारलं, तेव्हाही त्याने हात वर केले. बाळ काही महिन्यांचं असताना फ्लोराने जॉन लंडन या यादवी युद्धात लढलेल्या विधुराशी लग्न केलं. जॅकला आडनाव मिळालं ते त्याचं. बाळाला दूध पाजून वाढवलं ते व्हर्जिनिया प्रेंटिस नावाच्या कृष्णवर्णीय बाईने. तिचा जन्म गुलामगिरीत झालेला. या बाईला लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

सावत्र बाप माणूस चांगला, पण हाताला यश नव्हतं. शेती केली, बुडाली. धंदा केला, बसला. घरं बदलत बदलत कुटुंब ओकलंडला आलं. दहाव्या वर्षी जॅक सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी शाळेनंतर पेपर टाकायचा. सुट्टीच्या दिवशी बर्फाच्या गाडीवर मदत करायची, बोलिंगच्या अड्ड्यावर पडलेल्या पिना उभ्या करायच्या. मिळालेले पैसे आईच्या हातात. एकच चैन होती, ओकलंडची सार्वजनिक लायब्ररी. तिथल्या ग्रंथपाल इना कूलब्रिथ या स्वतः कवयित्री होत्या. पोराची भूक ओळखून त्यांनी त्याला वाचायला दिलं.

१८९१ मध्ये प्राथमिक शिक्षण संपलं आणि पोरगा डबाबंद पदार्थांच्या कारखान्यात लागला. तासाला १० सेंट. दहा तासांची पाळी ही नुसती नावाला, कित्येक दिवस काम सोळा-अठरा तासांवर जायचं. पंधरा वर्षांचं वय. झोप नाही, पुस्तक नाही, खेळ नाही. पुढे त्याने स्वतःबद्दल लिहिताना या काळातल्या स्वतःला काम करणारं जनावर म्हटलंय.

मग त्याने जे केलं ते आईबाप सांगतात त्यातलं नव्हतं. व्हर्जिनिया प्रेंटिसकडून ३०० डॉलर उसने घेतले, 'रॅझल डॅझल' नावाची शिडाची छोटी होडी विकत घेतली आणि रात्री खाडीतली कालवं चोरायला लागला. खाजगी मालकीच्या कालवांच्या पट्ट्यांवर अंधारात धाड घालायची, पहाटे बाजारात माल विकायचा. कारखान्यात महिन्या-दोन महिन्यांत हाताला लागायचं तेवढं इथे एका रात्रीत सुटायचं. काही काळाने तो पलीकडच्या बाजूला गेला, म्हणजे चोरटी मासेमारी पकडणाऱ्या गस्ती बोटींवर. चोर पकडायला चोरच लागतो, हे सरकारला तेव्हाही कळत होतं.

१८९३ मध्ये सीलच्या शिकारीला जाणाऱ्या 'सोफिया सदरलँड' या जहाजावर खलाशी म्हणून तो जपानच्या बाजूला जाऊन आला. परतला तेव्हा अमेरिकेत हाहाकार माजला होता. त्या वर्षीच्या मंदीत शेकडो बँका बुडाल्या, रेल्वे कंपन्या कोसळल्या, लाखो लोक रस्त्यावर आले.

काम मिळालं ते तागाच्या गिरणीत. पुन्हा तासाला १० सेंट, दिवसाला दहा तास, म्हणजे रोजचा एक डॉलर. (ताग म्हणाल तर त्या काळी जगभरच्या गिरण्यांना तो आपल्या बंगालमधून जायचा. बंगालचा शेतकरी आणि ओकलंडचा पोरगा एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना!) काही महिन्यांनी सव्वा डॉलर करू, असं आश्वासन होतं. महिने उलटले, सव्वा डॉलर काही झाला नाही. पगारवाढीचं आश्वासन ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वीही तशीच होती.

याच दिवसांत एक वेगळी गोष्ट घडली. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्राने तरुणांसाठी लेखनस्पर्धा ठेवली होती. आईने मागे लागून लिहायला लावलं. गिरणीतून आल्यावर रात्री जागून जॅकने जपानजवळ बघितलेल्या वादळावर लिहिलं आणि पहिलं बक्षीस मारलं. २५ डॉलर. म्हणजे गिरणीतला पंचवीस दिवसांचा पगार. पण एका बक्षिसाने कुणी लेखक होत नाही. त्याने पुन्हा लिहून पाठवलं, ते छापलं गेलं नाही.

तेव्हा त्याला वाटलं, हातात काहीतरी कसब हवं. वीज ही त्या काळातली नवी गोष्ट. जसं आज घरोघरी पोरांना कोडिंग शिक म्हणतात, तसं तेव्हा वीज. तो थेट ओकलंडच्या विजेच्या ट्रामना वीज पुरवणाऱ्या वीजघरात गेला आणि मला इलेक्ट्रिशियन व्हायचंय म्हणून सांगितलं. तिथल्या सुपरिंटेंडेंटने कौतुक केलं, पाठ थोपटली आणि हातात फावडं दिलं.

महिन्याला ३० डॉलर, महिन्यात एक दिवस सुट्टी. ढकलगाडीत कोळसा भरायचा, वजन करायचं, भट्टीपर्यंत न्यायचा. दिवसपाळीला लागेल तो आणि रात्रपाळीला लागेल तोही. मनगटं सुजली, तर चामड्याचे पट्टे बांधून काम चालू. घरी जाताना ट्राममध्ये बसला की जागच्या जागी झोप लागायची आणि उठताना सांधे धरलेले असायचे. पण आपण कमी पडतोय हे दिसायला नको, म्हणून तोंडातून ब्र नाही.

शेवटी भट्टीवर काम करणाऱ्या एकाला राहवलं नाही. त्याने आजूबाजूला बघून ते ८० आणि ३० डॉलरचं गणित या पोराला सांगितलं. आधी का नाही सांगितलं? तर सांगितलंस तर तुझीही नोकरी जाईल, असा त्याला दम होता.

जॅकचे चरित्रकार याच्या पुढचीही गोष्ट सांगतात. काढून टाकलेल्या त्या दोघांपैकी एकाने, जो बायकामुलांचा माणूस होता, दुसरं काम मिळेना म्हणून जीव दिला.

इथे थोडं थांबायला हवं. जॅक लंडनच्या राजकारणाबद्दल ढीगभर लिहिलं गेलंय आणि बहुतेकांचा भर त्याने कोणती पुस्तकं वाचली यावर असतो. मला विचाराल तर त्याचा खरा धडा या कोळशाच्या ढिगाऱ्यापाशी झाला. कष्ट केले की माणूस वर जातो, हे त्याला मनापासून पटलेलं होतं. जितकं जास्त कष्ट करू तितकं नाव होईल. आणि इथे कळलं की आपण जितकं जास्त राबलो, तितकं दुसऱ्या कुणाचं तरी घर उघड्यावर आलं. आपण कुणाच्या पोटावर पाय दिला हेही आपल्याला माहीत नव्हतं. त्याने नोकरी सोडली. लगेच नाही, जिद्दीला पेटून आणखी काही दिवस काढले आणि मग सोडली. घरी जाऊन आधी भरपूर झोपला.

त्याच वेळी अमेरिकेत बेकारांचे जथे राजधानीकडे निघाले होते. ओहायोतल्या जेकब कॉक्सी नावाच्या माणसाची मागणी साधी होती. सरकारने रस्ते बांधायला काढावेत आणि बेकारांना काम द्यावं. आपल्याकडे रोजगार हमीच्या मागे जो विचार आहे त्याच जातीचा हा विचार. कॅलिफोर्नियातून चार्ल्स केली याच्या नेतृत्वाखाली मोठा जथा निघाला. एप्रिल १८९४ मध्ये जॅक त्याच्या मागे गेला, मालगाड्यांना लटकत जथ्याला गाठलं.

मात्र या प्रवासात तो काही फार मोठा क्रांतिकारक नव्हता. डे मॉइन नदीतून होड्यांनी जाताना तो आणि त्याचे काही साथीदार पुढे सटकायचे आणि गावकऱ्यांनी सगळ्या जथ्यासाठी आणलेल्या खाण्यापिण्यातला चांगला माल आधी उचलायचे. हे त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. मे महिन्यात हॅनिबल गावापाशी उपाशी राहायचा कंटाळा आला म्हणून जथाच सोडून दिला. तिकडे वॉशिंग्टनला पोचलेल्या कॉक्सीला पोलिसांनी पकडलं. काही लाख बेकारांचं गाऱ्हाणं घेऊन आलेल्या माणसावर गुन्हा लावला तो संसदेच्या हिरवळीवर पाय दिल्याचा.

जॅक भटकत भटकत नायगाराला पोचला. धबधबा बघितला, रात्री शेतात झोपला आणि सकाळी पोलिसांनी धरला. गुन्हा? भटकणं. हातात काम नाही, खिशात पैसा नाही, राहायला जागा नाही, एवढंच. न्यायाधीशासमोर रांग लावली होती. प्रत्येकाला काही सेकंद. तोंड उघडायच्या आत ३० दिवसांची शिक्षा झाली. वकील नाही, बाजू मांडणं नाही. शाळेत नागरिकशास्त्रात जे शिकवलं होतं ते सगळं त्या काही सेकंदांत निकालात निघालं.

बफेलोच्या त्या तुरुंगातही त्याने हुशारी केली. कैद्यांवर देखरेख करणारा कैदी झाला, पावाच्या तुकड्यांच्या बदल्यात इतर कैद्यांकडून वस्तू उकळल्या. म्हणजे वीजघराच्या साहेबाने जे केलं तेच छोट्या प्रमाणात. त्याला ते कळत होतं आणि त्याने ते लपवलं नाही. त्याच्या लिखाणावर मला विश्वास वाटतो तो या असल्या जागांमुळे.

सुटला तो एक हिशेब मनात पक्का करून. दुकानदाराचा माल संपला की तो नवा भरतो. पण मजुराचा माल म्हणजे त्याचं शरीर. ते रोज थोडं थोडं विकलं जातं आणि पुन्हा भरता येत नाही. पन्नाशीला दुकान बंद. रस्त्यावर आणि तुरुंगात त्याने असे कितीतरी म्हातारे बघितले, जे कधीकाळी त्याच्याइतकेच दणकट होते. विकायचंच असेल तर डोकं विकायचं, अंग नाही.

एकोणिसाव्या वर्षी तो पुन्हा शाळेत गेला. वर्गातली पोरं त्याच्यापेक्षा कितीतरी लहान आणि सुखवस्तू. तो त्याच शाळेत झाडूही मारायचा. १८९६ मध्ये समाजवादी पक्षात सामील झाला. फेब्रुवारी १८९७ मध्ये परवान्याशिवाय रस्त्यावर भाषण केलं म्हणून अटक झाली, ज्युरीने सोडून दिलं. वर्तमानपत्रांनी त्याला ओकलंडचा पोरगेला समाजवादी म्हणून प्रसिद्ध करून टाकलं. बर्कलेच्या विद्यापीठात प्रवेश मिळवला, पण एका सत्रानंतर पैशाअभावी सोडावं लागलं. मग पुन्हा अंगमेहनत. एका शाळेच्या लाँड्रीत पोरांचे आणि मास्तरांचे कपडे धुवायचे, कांजी करायची, इस्त्री करायची. जेवणखाण आणि राहणं धरून महिन्याला ३० डॉलर. म्हणजे कोळशाइतकेच.

जुलै १८९७ मध्ये क्लॉन्डाइकच्या सोन्याची बातमी आली आणि अर्ध्या अमेरिकेबरोबर तोही निघाला. बर्फातली ती गोष्ट त्याच्या पुस्तकांतून वाचण्यातच मजा आहे, त्यामुळे इथे थोडक्यात. सोनं सापडलं नाही, हिरड्या सुजवणारा स्कर्व्ही मात्र झाला. १८९८ मध्ये परतला तेव्हा त्याच्याकडे साडेचार डॉलरचं सोनं होतं.

घरी आला तर सावत्र वडील वारलेले. घराचा भार त्याच्यावर.

आता सुरू झाली खरी नोकरीची शोधाशोध. पाच एम्प्लॉयमेंट एजन्सींत नाव घातलं. तीन वर्तमानपत्रांत जाहिरात दिली. ओळखीच्यांचे उंबरे झिजवले. खलाशी, कोळसेवाला, धोबी, झाडूवाला अशी सगळी कामं केलेला बावीस-तेवीस वर्षांचा धडधाकट तरुण, पण काम नाही. सायकल गहाण गेली. घड्याळ गहाण गेलं. वडिलांची आठवण म्हणून राहिलेला रेनकोटही गेला. एकदा गहाण, एकदा सोडवून आण, पुन्हा गहाण.

आणि मग, आपल्याकडचे लाखो तरुण करतात तेच त्याने केलं. सरकारी नोकरीची परीक्षा दिली. पोस्टमनची. चांगले गुण पडले. पण जागा रिकामी नाही, नाव यादीत आहे, कळवू. वाट बघत बसा.

वाट बघता बघता तो लिहीत होता. रोज, वेड्यासारखा. कथा, कविता, विनोद, लेख, जे खपेल असं वाटेल ते. सगळं साभार परत. मासिकांच्या नकाराच्या चिठ्ठ्यांचा त्याच्याकडे अक्षरशः ढीग झाला होता. अखेर एका नामांकित मासिकाने कथा घेतली. त्याने ऐकलं होतं की मासिकं हजार शब्दांना किमान दहा डॉलर देतात. हिशेब करून बसला. आले पाच डॉलर, सगळ्या कथेचे. तेही छापल्यावर मिळणार होते. त्याच सुमारास 'द ब्लॅक कॅट' नावाच्या मासिकाने मात्र एका कथेला ४० डॉलर देऊ केले आणि तो तरला. पुढे तो म्हणत राहिला की हे ४० डॉलर आले नसते तर आपण लेखन सोडून दिलं असतं.

आणि जानेवारी १८९९ मध्ये पोस्टाचं बोलावणं आलं. महिना ६५ डॉलर. कायमची नोकरी.

तुम्ही काय केलं असतं? एका बाजूला सरकारी नोकरी, दुसऱ्या बाजूला पाच डॉलरवाली मासिकं. घरी आई आणि सांभाळायला घेतलेला लहान भाचा. जॅक पोस्टमास्तरकडे गेला आणि म्हणाला, मला थोडी मुदत द्या, या वेळी माझ्यानंतरच्या माणसाला घ्या आणि पुढची जागा मला द्या. पोस्टमास्तर नीट बोलला असता, तर जगाला जॅक लंडन नावाचा पोस्टमन मिळाला असता आणि आपल्याला काही कळलंही नसतं. पण तो तुसडेपणाने बोलला, हवी तर आत्ता घे नाहीतर सोड. जॅकचं डोकं फिरलं. त्याने सोडली.

इथून पुढचा चढ फार वेगाने झाला. १९०० मध्ये पहिला कथासंग्रह. १९०३ मध्ये 'द कॉल ऑफ द वाइल्ड', ज्याचे हक्क त्याने प्रकाशकाला एकरकमी २००० डॉलरला विकून टाकले. पुस्तक लाखोंनी खपलं आणि त्यावर त्याला रॉयल्टीचा छदामही मिळाला नाही. अडचणीतला माणूस रोख रकमेला नाही म्हणत नाही, तसंच हे.

पण त्या दोन पुस्तकांच्या मध्ये १९०२ चा उन्हाळा आहे, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. तो इंग्लंडला गेला, जुन्या बाजारातून फाटके कपडे घेतले, बनियनच्या काखेत अडीअडचणीसाठी एक सोन्याचं नाणं शिवलं आणि लंडनच्या ईस्ट एंड भागात, जगातल्या सगळ्यात श्रीमंत साम्राज्याच्या राजधानीतल्या गरिबांच्या वस्तीत जाऊन राहिला. बोट चुकलेला अमेरिकन खलाशी म्हणून. त्याच उन्हाळ्यात सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक होता, म्हणजे आपलाही तेव्हाचा बादशहा.

तिथे एका संध्याकाळी तो दोन म्हाताऱ्यांबरोबर अनाथालयवजा आश्रयगृहाकडे चालला होता. एक गाडीवान, एक सुतार. दोघांचाही जन्म कष्टात गेलेला. चालता चालता ते फुटपाथवरून काहीतरी वेचून तोंडात टाकत होते. आधी त्याला वाटलं विडीची थोटकं असतील. नीट बघितलं तर संत्र्याच्या साली, द्राक्षांचे देठ, सफरचंदाचे गाभे. रात्री बागेत झोपायला बंदी होती. पोलीस रात्रभर माणसांना उठवून पुढे चालायला लावायचे आणि सकाळी बागा उघडल्यावर तीच माणसं गवतावर मेल्यासारखी पडायची. मग सुखवस्तू लोक फिरायला आले की म्हणायचे, बघा किती आळशी. 'द पीपल ऑफ द अबिस' या पुस्तकात त्याने हे सगळं लिहिलं. आपल्या सगळ्या पुस्तकांपैकी हेच त्याला जवळचं होतं.

राजकारणाचं म्हणाल तर ओकलंडच्या महापौरपदासाठी तो दोनदा उभा राहिला. १९०१ मध्ये २४५ मतं, १९०५ मध्ये ९८१. दोन्ही वेळा आपटला. १९०५-०६ मध्ये त्याने देशभर समाजवादावर भाषणं दिली, हार्वर्ड आणि येलमध्येही. रशियातल्या क्रांतिकारकांची बाजू घेतली म्हणून गहजब झाला, कनेक्टिकटमधल्या डर्बी गावच्या लायब्ररीने त्याची पुस्तकं काढून टाकली.

विरोधक शिव्या देतात ते सोपं असतं. अवघड असतं ते आपल्याच लोकांचं. भाषणांच्या दौऱ्यावर त्याच्यासोबत त्याचा कोरियन नोकर असायचा. लोकांनी विचारलं, समानतेवर बोलायचं आणि नोकर घेऊन फिरायचं? मग त्याने 'स्नार्क' नावाची बोट बांधून घेतली, तिच्यावर सुमारे ३० हजार डॉलर गेले. ग्लेन एलनला शेतीवाडी घेतली, ती वाढत वाढत १४०० एकरांवर गेली. तो म्हणायचा, मी कुणाला लुबाडलेलं नाही, रोजचे हजार शब्द लिहून स्वतःच्या घामाचं कमावलंय. यात तथ्य होतं. पण ज्यांना कोळशाच्या ढिगाऱ्यावरचा पोरगा हवा होता, त्यांना घोड्यावर बसलेला जमीनदार बघवेना.

१९०८ मध्ये त्याची 'द आयर्न हील' प्रसिद्ध झाली. त्यात धनदांडगे लोकशाही गुंडाळून कामगारांची चळवळ चिरडतात. मतपेटीतून समाजवाद येईल असं मानणारे पक्षातले मवाळ चिडले, हा माणूस लोकांना घाबरवतोय म्हणाले. पुढच्या वर्षी 'मार्टिन इडन' आली, गरीब खलाशी लेखक होतो आणि यश मिळाल्यावर आतून रिकामा होऊन समुद्रात जीव देतो. एकट्यापुरतं बघणाऱ्या माणसाचं काय होतं, हे त्याला दाखवायचं होतं. वाचकांना तो नायकच आवडला! लंडन शेवटपर्यंत तक्रार करत राहिला की मला काय म्हणायचंय ते कुणाला कळलंच नाही.

काही बाबतींत मात्र चूक वाचकांची नव्हती. जगातल्या कामगारांनो म्हणणारा हा माणूस गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वावर विश्वास ठेवायचा. जॅक जॉन्सन हा कृष्णवर्णीय बॉक्सर जगज्जेता झाला, तेव्हा त्याला हरवायला गोरा गडी उभा राहिला पाहिजे म्हणून लंडनने जाहीर लिहिलं. व्हर्जिनिया प्रेंटिसच्या दुधावर वाढलेल्या, तिच्या पैशावर पहिली होडी घेतलेल्या माणसाने. त्या काळात सगळेच तसे होते असं म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण त्याच्याशी यावर भांडणारे समाजवादी त्याच काळात होते.

१९११ मध्ये त्याने मेक्सिकोतल्या बंडखोरांना जाहीर पाठिंबा दिला होता. १९१४ मध्ये अमेरिकी सैन्याने मेक्सिकोचं व्हेराक्रूझ बंदर घेतलं, तिथे तो वार्ताहर म्हणून गेला आणि सैन्याचं कौतुक करून आला. जुने सोबती सुन्न झाले. मग महायुद्ध सुरू झालं. पक्ष युद्धाच्या विरोधात, लंडनला जर्मनी हरायला हवा होता.

अखेर मार्च १९१६ मध्ये होनोलुलूहून त्याने पक्षाचा राजीनामा पाठवला. पत्नी शार्मियननेही. कारण दिलं ते असं की पक्षात आता आग राहिली नाही, वर्गसंघर्षाचा विसर पडलाय, सगळा मवाळ कारभार झालाय. म्हणजे तो पक्ष सोडून उजवीकडे गेला नाही, निदान त्याच्या मते तरी नाही. पक्षच थंड पडला म्हणून तो गेला. पक्षातल्या लोकांचं उत्तर ठरलेलं होतं, हवाईच्या किनाऱ्यावर बसून आगीच्या गोष्टी कोण करतंय बघा! दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं होतं, आणि म्हणूनच बहुधा ते भांडण मिटलं नाही.

तोवर तब्येत पार ढासळली होती. दारू, दक्षिण समुद्रातले आजार, निकामी होत चाललेली मूत्रपिंडं. दुखणं असह्य झालं की मॉर्फिन. २२ नोव्हेंबर १९१६ रोजी ग्लेन एलनला तो गेला. वय फक्त ४०. आत्महत्या होती का, यावर बरंच लिहिलं गेलं, पण मृत्यूचं कारण म्हणून नोंद झाली ती मूत्रपिंडाच्या विकाराची.

पुढच्याच वर्षी रशियात क्रांती झाली आणि तिथे लंडनची पुस्तकं भरपूर वाचली जाऊ लागली. जानेवारी १९२४ मध्ये लेनिन मरणपंथाला लागला होता. त्याची पत्नी क्रुप्सकाया त्याला वाचून दाखवायची. मृत्यूच्या दोन दिवस आधी तिने लंडनची 'लव्ह ऑफ लाइफ' ही कथा वाचली. बर्फाच्या ओसाड रानात उपासमारीने अर्धमेला झालेला माणूस आणि त्याच्या मागावर तसाच मरायला टेकलेला आजारी लांडगा. लेनिनला कथा फार आवडली. दुसऱ्या दिवशी त्याने लंडनचं आणखी काहीतरी वाच म्हणून सांगितलं. ती कथा निघाली एका कप्तानाची. जहाजातलं धान्य चांगल्या भावाने विकून देईन, असा मालकाला दिलेला शब्द पाळण्यासाठी तो जीव देतो. मालकाच्या नफ्यासाठी मरणारा हा इमानी नोकर ऐकून लेनिन हसला आणि हाताने उडवून लावलं.